गठ्ठ्यावरचं फाटकं पोतं

हबीबभाई,

तुम्ही गेल्याची बातमी इरफाननं फोनवर सांगितली आणि मला ती खरी वाटली नाही. धक्क्यामुळं नव्हे. तुमच्या या मुलाचा आणि माझा त्या आठवड्यात पोत्यांच्या भावावरून वाद चालला होता, आणि मला वाटलं, मी भाव पाडू नये म्हणून हा काहीतरी नवीन काढतोय. मी नांदेडच्या जुन्या मोंढ्यात एका आडत्याला फोन लावला. मग दुसऱ्याला लावला. दोघंही तेच बोलले तेव्हा मी गाडीची किल्ली शोधायला लागलो. तुम्ही असता तर हसला असतात. म्हणाला असतात, "बरं झालं माणिकराव, तिसऱ्याला विचारलं न्हाई."

लातूर सोडलं, अहमदपूर गेलं, लोहा गेलं, आणि सगळ्या रस्त्यानं मी तुमच्याशी भांडत होतो. आपल्यातलं एक भांडण अर्धं राहिलं होतं. तुम्ही ते तसंच टाकून उठलात हे मला पटत नव्हतं. बोलणी अर्धवट सोडून उठणारा माणूस मला आवडत नाही, हे तुम्हाला चांगलं माहीत होतं.

कब्रस्तानात पोचलो तेव्हा लोक माती देत होते. मीही दिली. माती देतानासुद्धा माझी नजर गर्दीवर होती. कोण आलं, कोण नाही, कोण जास्त रडतंय आणि का. एक म्हातारा भिंतीला टेकून हुंदके देत होता. मी इरफानला हळूच विचारलं, यांचं काय अडकलं होतं अब्बांकडं? तो म्हणाला, "काही नाही काका, गल्लीतलेच आहेत." मी मान हलवली. माझा विश्वास बसला नाही. नुसता गल्लीतला माणूस असा रडतो का?

आपली पहिली भेट आठवते का तुम्हाला? मला आठवते, कारण त्या दिवशी मी हरलो की जिंकलो हे अजून ठरलेलं नाही.

तेव्हा माझ्याकडं जमीन नव्हती, दुकान नव्हतं, ज्याच्या नावावर उधारी मिळावी असा बापही नव्हता. जुनी पोती घ्यायची आणि रेणापूर, मुरूडच्या आठवडी बाजारात शेतकऱ्यांना विकायची, एवढंच जमत होतं. नांदेडला बारदाना स्वस्त मिळतो असं ऐकलं आणि एसटीनं आलो. तुमच्या दुकानात गठ्ठे छतापर्यंत रचलेले होते. या धंद्यातला शिरस्ता सगळ्या मुलखात एकच आहे. पोती घडी करून सुतळीनं गठ्ठा बांधायचा, वर आणि खाली चांगलं पोतं, मधे ठिगळं लावलेली. घेणाऱ्यालाही ते माहीत असतं. तो वरचं पोतं बघतो, मधल्यांचा अंदाज बांधतो आणि तेवढा भाव पाडतो. कुणी कुणावर रागवत नाही.

तुमच्या प्रत्येक गठ्ठ्यावर मात्र सगळ्यात फाटकं पोतं होतं. एकाला उंदरानं कुरतडलेलं भोक होतं, त्यात माझी मूठ गेली असती.

मी म्हणालो, हे काय?

"हे सगळ्यात खराब," तुम्ही म्हणालात. "आत याच्याहून खराब निघालं तर गठ्ठा घेऊन जा, पैसे देऊ नका."

मला वाटलं, वर जर हे आहे तर आत काय असेल. मी सरळ जमिनीवर बसलो आणि गठ्ठे सोडायला लागलो. तुम्ही अडवलं नाहीत. चहा सांगितलात आणि पेपर तोंडासमोर धरून बसलात. सोडलेल्या प्रत्येक गठ्ठ्यात आतली पोती वरच्याहून बरी निघत होती, आणि प्रत्येक गठ्ठ्यागणिक माझा संशय वाढत होता. दुपार कलली, असरच्या नमाजाची वेळ झाली तेव्हा तुम्ही उठून मशिदीत गेलात, मला एकट्याला दुकानात सोडून. गल्ल्याला कुलूप नव्हतं. मी गल्ल्यापासून लांब, दाराजवळ जाऊन बसलो. म्हटलं, हा माझी परीक्षा बघतोय. परत आल्यावर तुम्ही गल्ल्याकडं पाहिलंसुद्धा नाहीत. त्याचाही मला राग आला.

मग भाव विचारला. तुम्ही एकच सांगितलात. मी अर्ध्यावर आलो. तुम्ही म्हणालात, "खोट दाखवून भाव लावलाय. आता पाडायला काय राहिलं?"

मी उठलो, रस्ता ओलांडला, समोरच्या दुकानात गेलो. तिथं वर झकास पोती होती. घासाघीस केली, भाव पाडला, गठ्ठे घेतले आणि छाती काढून एसटीत बसलो. मधली पोती कुजकी निघाली. ती निघणार हे मला घेतानाच माहीत होतं.

मोंढ्यातली माणसं हे ऐकून हसणार नाहीत. फसवणाऱ्याशी मला सौदा करता येत होता. तो किती लपवतो आणि मी किती पाडायचं, हे गणित मला पाठ होतं. तुमच्यासमोर ते गणितच चालेना. पुढच्या बाजाराला मुरूडमध्ये एका बाईनं त्यातलं एक पोतं माझ्या अंगावर फेकलं, तेव्हा मी पुन्हा तुमच्या दारात आलो. तुम्ही गठ्ठे काढून दिलेत. नुसतं म्हणालात, "या रेणापूरवाले, चहा घ्या."

नंतर एकदा मी तुम्हाला कोपऱ्यात गाठलं. म्हणालो, वर फाटकं ठेवायची ही तुमची युक्तीच आहे ना? तुम्ही म्हणालात, "आमच्यात खोट लपवून माल विकला तर ती कमाई हराम. तुम्ही त्याला युक्ती म्हणा. पण चालणारी युक्ती असती तर समोरच्यानं कधीच उचलली असती की." या उत्तरात पळवाट कुठं आहे ते मी बरीच वर्षं शोधलं. सापडली नाही, म्हणून ते मला आवडलं नाही.

लातूरला दाळमिल टाकायची ठरवली तेव्हा मी भांडवलासाठी दारोदार हिंडत होतो. बँक जमीन मागत होती, सावकार बायकोचे दागिने. तुमच्या कानावर कुठूनतरी गेलं आणि एक दिवस तुम्ही लातूरच्या मोंढ्यात माझ्यासमोर येऊन बसलात. भांडवल तुमचं, मेहनत माझी, असं तुमचं म्हणणं. नफा झाला तर दोघांचा. तोटा झाला तर पैसा तुमचा बुडाला, कष्ट माझे बुडाले.

"आणि व्याज?" मी विचारलं.

"व्याज न्हाई."

"म्हणजे दुसऱ्या नावानं?"

"कुठल्याच नावानं न्हाई."

घरी येऊन मी मंदाला, माझ्या बायकोला, सांगितलं की यात काहीतरी आहे. ती म्हणाली, आहे तर शोधा. मी वकील गाठला, कागद उलटे करून वाचले. काही सापडलं नाही. मग मीच नांदेडला आलो आणि तुम्हाला विनवलं, हबीबभाई, व्याज घ्या. चार पैसे जास्त घ्या, पण घ्या. तुम्ही विचारलंत, का म्हणून?

"व्याज दिलं की माझी मान मोकळी. मग तुम्ही मला काही विचारायचं नाही."

तुम्ही एवढे हसलात की ठसका लागला. "बघा, तुम्हाला बरोबर कळलं. मला तर विचारायचंय."

आणि विचारलंत. सावकार महिन्याला येतो, पैसे घेतो, जातो. गिरणी चालते का जळते याच्याशी त्याला घेणं नसतं. तुम्ही आलात की चाळणी हातात घेत होतात, भिजवलेल्या तुरीचा वास घेत होतात, दाळ चावून बघत होतात. एकदा विचारलंत, निवडणाऱ्या बायांना मजुरी कधी देता? मी म्हणालो, आठवड्याला. रोज का नाही? मी म्हणालो, सुट्टे नसतात. पुढच्या खेपेला तुम्ही नांदेडहून सुट्ट्या नोटांची पिशवी आणलीत आणि बायांच्या देखत माझ्या टेबलावर ठेवलीत. मला इतका संताप आला की मी त्या दिवशी जेवलो नाही. पण मजुरी रोज मिळायला लागली, आणि दुसऱ्या गिरण्यांतल्या चांगल्या हाताच्या बाया माझ्या फाटकाशी काम विचारत यायला लागल्या. हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. तुम्हाला दिसत होतं, आणि तुम्हीही बोलला नाहीत, हे त्याहून वाईट.

रमजान जवळ आला की तुम्ही गोदामात फिरून साठा किती आहे ते बघायचात. पहिल्या वर्षी माझं डोकंच फिरलं. म्हणालो, चोरी पकडायला आलात का?

"हाव, चोरीच पकडायला आलो. पण तुमची न्हाई, माझी. माझ्या हिश्श्याची जकात काढायची हाय, गरिबाला द्यायची. साठा कमी धरला तर चोर मी."

मी म्हणालो, अहो, माल विकलेला नाही, पैसा हातात नाही, त्याच्यावर कसली जकात देता? तुम्ही म्हणालात, माल पडून हाय म्हंजे त्यात गरिबाचा हिस्साबी पडून हाय. मी मनात म्हणालो, बघू हा हिस्सा जातो कुठं. आणि खरंच बघितलं. तुम्हाला माहीत नसेल, मी नांदेडात चौकशी केली. तुमची जकात इतवारा मोहल्ल्यातल्या एका विधवेकडं जात होती. काही वर्षं गेली आणि मग बंद झाली. मला आतून बरं वाटलं. म्हटलं, आता सापडले. पुढच्या भेटीत सहज विचारल्यासारखं विचारलं, काय हबीबभाई, त्या बाईशी भांडण झालं का?

तुम्ही माझ्याकडं बघत राहिलात. मी पाळत ठेवली हे तुम्हाला कळलं होतं. "भांडण कशाला? तिनं पोती शिवायची मशीन घेतली. हाताखाली बाया ठेवल्या. आता तिला घ्यायचा हक्क राहिला न्हाई. यंदा तिनंच कुणाला तरी दिली."

मग तुम्ही बशीत चहा ओतलात आणि तेव्हापासून आपला देशाचा वाद सुरू झाला. तुमचं म्हणणं, घेणाऱ्यातले किती लोक देणाऱ्यात आले ते बघायचं, तेवढाच देश पुढं गेला म्हणायचा. मी म्हणालो, निवडणुकीला उभे राहा, हे भाषण चालेल. गल्लीत ठीक आहे हे सगळं. धरणं, रेल्वे, कारखाने उभे राहतात ते व्याजाच्या पैशावर. तुमच्या पद्धतीनं गेलो असतो तर लातूरला अजून कंदील लावावे लागले असते.

"कारखाना नको कोण म्हणलं?" तुम्ही म्हणालात. "व्याजवाल्याला कारखाना बुडाला तरी पैसे पायजेत. भागीदाराला तो चालायलाच पायजे. मग देशाला यातला कोण पायजे, तुम्हीच सांगा."

मी सोडणारा नव्हतो. नफा लपवणाऱ्या भागीदारांनी देश भरलाय, मी म्हणालो. भागीदार वर्षाच्या शेवटी रडका चेहरा करून येतो, तोटा झाला म्हणतो. मग कोर्टकचेऱ्या करा. त्याच्यापेक्षा व्याज बरं. ठरलं ते ठरलं. सरकारनं रस्ता बांधायला घेतला तर पैसे देणाऱ्या प्रत्येकाच्या शेजारी बसून नफा-तोटा समजावत बसायचं का?

तुम्ही बशीतला चहा संपवलात. मला वाटलं, जिंकलो. मग म्हणालात, "तेवढं खरं हाय. माणसं खोटं बोलतात म्हणून तर व्याज चालतं. पण मग आधी कशावर मेहनत घ्यायची, माणसावर का व्याजावर?"

तेवढ्यात तुरीचा ट्रक आला आणि मी उठलो. उत्तर माझ्याकडं होतं. देणार होतो. ते राहिलं.

आता त्या तुरीच्या वर्षाबद्दल.

त्या वर्षी पावसानं दगा दिला आणि तूर चढायला लागली. आपलं गोदाम भरलेलं होतं. तोवर माझीही कमाई गिरणीत आली होती, साठा निम्मा तुमचा, निम्मा माझा. मोंढ्यात सगळ्यांनी माल दाबून ठेवला होता. भाव रोज चढत होता आणि मी आयुष्यात पहिल्यांदा सकाळी हसत उठत होतो. तुम्ही आलात आणि म्हणालात, माल विकायला काढा.

"आजच्या भावानं विका. नफा घ्या, चांगला घ्या, मी न्हाई म्हणत न्हाई. पण लोक दारात उभे असताना धान्य कोंडून बसायचं न्हाई. हे माझ्याकडून व्हायचं न्हाई."

"सगळा मोंढा कोंडून बसलाय."

"मोंढ्यात मी भागीदार न्हाई. तुमच्यात हाय."

मग मी काय काय बोललो ते गिरणीतल्या बायांना अजून पाठ आहे. पिढ्यान्पिढ्याचं दुकान असलं की माणसाला धर्म परवडतो, असं बोललो. उपाशी झोपून बघा आणि मग मला धान्याचं सांगा, असंही बोललो. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "माझा निम्मा हिस्सा मला मालातच द्या. दाळ करून द्या."

मी भरडाईचे पैसे लागतील म्हणालो. तुम्ही ते घासाघीस न करता दिलेत. मला वाटलं, आता कळलं. हा दाळ उमरीला नेणार. तिथं तुमच्या मेव्हण्याचं गोदाम होतं. तिथं दाबून ठेवणार, माझ्याहून जास्त भावाला विकणार आणि वर साधू म्हणून मिरवणार. ट्रकच्या मागं माणूस पाठवायची मी तयारी करून ठेवली होती.

ट्रक आलाच नाही. तुम्ही गिरणीच्या फाटकासमोर, रस्त्याच्या पलीकडं, ताडपत्री बांधलीत, काटा लावलात आणि त्या दिवसाच्या भावानं दाळ विकायला बसलात. मुरूडचे, रेणापूरचे छोटे किराणावाले आले. एकाला ठरावीकच देत होतात, म्हणजे कुणी जास्त नेऊन पुन्हा कोंडू नये. माझ्या रेणापूरची माणसं, ज्यांनी मला अनवाणी पोती वाहताना पाहिलं होतं, ती माझ्या बंद फाटकाकडं पाठ करून तुमच्या ताडपत्रीपुढं रांगेत उभी होती. मी वरच्या खिडकीतून बघत होतो. हे मी विसरलेलो नाही. विसरणारही नाही. विकायचंच होतं तर नांदेडात विकता आलं नसतं का? माझ्याच दारात कशाला? हे तुम्हाला विचारायचं होतं. तुम्ही म्हणाला असतात, माल तिथंच होता, वाहतूक कशाला वाढवायची. खरंही असेल ते. मला पटलं नसतं.

गोष्टीत असतं तसं पुढं काही झालं नाही. भाव कोसळला, माझं दिवाळं निघालं, असलं काही नाही. भाव आणखी चढला. मी चढ्या भावाला विकलं आणि त्या पैशात गिरणीची नवी इमारत उभी केली. मी बरोबर होतो, तुम्ही चुकलात, बाजारानं तसा निकाल दिला. पेढे घेऊन मी स्वतः नांदेडला आलो, केवळ तुमच्या तोंडून ते एक वाक्य ऐकायला. तुम्ही पेढा खाल्लात, मुबारक म्हणालात, इमारतीला खिडक्या मोठ्या ठेवल्या का ते विचारलंत, निवडणाऱ्या बायांच्या डोळ्यांना उजेड लागतो म्हणून. तुरीबद्दल एक शब्द नाही. मीच काढलं, तेव्हा म्हणालात, "ते झालं की." आणि मग शांतपणे सांगितलंत की आता भागीदारी नको.

मी भांडायच्या तयारीनं उभा राहिलो. तुम्ही म्हणालात, "बसा हो. भागीदारी सोडली तर आपलं बोलणं तरी राहील."

भांडून गेला असतात तर मला चाललं असतं. भांडण मला समजतं. तुम्ही न भांडता गेलात आणि मला वर्षानुवर्षं कोड्यात ठेवलंत. त्या सौद्यात तुम्हाला कुठूनतरी फायदा झालाच असेल, या भरवशावर मी चौकशा केल्या. उमरीला गेलो, तुमच्या मेव्हण्याबरोबर बसलो, फिरवून फिरवून विचारलं. काही हाती लागलं नाही. ज्याच्याविरुद्ध काही सापडत नाही अशा माणसावर संशय घेत राहणं किती कष्टाचं असतं, याची तुम्हाला कल्पना नाही.

पोती मात्र तुमच्याकडूनच येत राहिली. प्लॅस्टिकची आली, सगळ्यांनी घेतली. मी म्हणायचो, माझ्या दाळीला तागाचंच पोतं लागतं. तसं काही नव्हतं. प्लॅस्टिक स्वस्त होतं. दर खेपेला मी एखादा गठ्ठा सोडून बघायचो. वर फाटकं, आत बरं. अलीकडं सुतळीची गाठ सैल यायला लागली होती. तुमच्या हातातली ताकद चालली हे मला त्या गाठीवरून कळत होतं. मी फोन केला आणि म्हणालो, गाठी नीट बांधत जा, गठ्ठे सुटतात वाटेत. तुम्ही "हाव, बघतो" म्हणालात. मला खरं तर तब्येत विचारायची होती.

इरफान आज सकाळी गिरणीत आला. तुम्ही गेल्यानंतरचा पहिलाच माल घेऊन. टेम्पोतून गठ्ठे उतरवले आणि मी सवयीनं वरच्या पोत्यावर हात ठेवला. ते चांगलं होतं. एक टाका उसवलेला नाही, एक डाग नाही. गाठ घट्ट होती. मूठभर माती देताना मला काही झालं नव्हतं, हबीबभाई. त्या चांगल्या पोत्यावर हात ठेवला आणि मी गठ्ठा उलटा करून फाटकं पोतं शोधायला लागलो.

इरफान म्हणाला, "काका, आता लोक मोबाईलवर फोटो बघून माल मागवतात. फाटकं वर ठेवलं तर फोटोवरनंच नाही म्हणतात." त्याचंही बरोबर आहे. आतली पोती वाईट नव्हती, नेहमीचीच मिसळ होती. मी भाव पाडला. तो थोडा चढला, मी थोडा पाडला, चहा यायच्या आत सौदा झाला. तुमच्याशी उभ्या आयुष्यात असा सौदा मला जमला नव्हता. मला मजा यायला पाहिजे होती.

मग त्यानं खरी गोष्ट काढली. पोत्यांच्या धंद्यात आता राम नाही. मागचं गोदाम विकून आलेला पैसा त्याला माझ्या गिरणीत घालायचा आहे. "ठरलेली रक्कम द्या महिन्याला. पोरांची फी आहे, घराचा हप्ता आहे. नफा-तोटा तुमचं तुम्ही बघा. मला गिरणीत डोकवायला वेळ नाही." आणि खाली बघून म्हणाला, "अब्बांना हे आवडलं नसतं, माहीत आहे. पण अब्बांचा जमाना वेगळा होता."

म्हणजे ज्यासाठी मी तुमच्या विनवण्या केल्या होत्या तेच. पैसे घ्या आणि कुणी काही विचारणार नाही. गिरणीला पैसा हवाच आहे. मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि तोंडातून भलतंच निघालं.

"ठरलेलं काही देणार नाही. भागीदार हो. नफा झाला तर घे, तोटा झाला तर सोस. आणि महिन्याला इथं येऊन चाळणी हातात घ्यायची."

हे मी पुण्यासाठी बोललो नाही. तुमचा धर्म तुमचा, माझा माझा. गिरणीत सगळे मला शेठ म्हणतात आणि मान डोलावतात. माझी दाळ चावून नाक मुरडणारं आता कुणी राहिलेलं नाही. मागच्या महिन्यात तूर भिजवायची एक जुनी घाण टाकी साफ न करता तशीच वापरली गेली आणि कुणी बोललं नाही. मीही नाही.

इरफान माझ्याकडं बघत राहिला. ती नजर मी ओळखतो, ती माझीच आहे.

"काका, यात तुम्हाला काय मिळणार?"

"गिरणी बुडाली तर तुझाही पैसा बुडणार. माझ्या एकट्याचा नाही."

"ते झालं. पण खरं काय?"

मी त्याला मागच्या शेडमध्ये नेलं, जिथं पत्रा गळतो आणि कोपऱ्यातल्या दाळीला बुरशी धरते. ती टाकी दाखवली. मोठी मोटार तापते, कधी बंद पडेल सांगता येत नाही, तेही सांगितलं. म्हणालो, याच्याहून वाईट इथं काही नाही. सापडलं तर मला दाखव. त्यानं मान डोलावली आणि त्याचा चेहरा आणखीच संशयी झाला. आधी हे सांगतोय म्हणजे पुढं काय असेल, असं त्याच्या कपाळावर लिहिलेलं होतं. तुमचं पोरगं आहे, पण तालीम माझी झालीय म्हणायची.

आत्ता तो गोदामात आहे. थप्प्या हलवून बघतोय, माझ्या मुकादमाला आडून आडून विचारतोय. निवडणाऱ्या बायांनाही विचारून झालं. काय ठरवेल, माहीत नाही. समोरच्या गिरणीवाला त्याला महिन्याचं ठरलेलं द्यायला तयार आहे, रस्ता ओलांडायचाच अवकाश.

तुरीचं मी अजून मान्य केलेलं नाही, हबीबभाई. तो वाद तुमच्याशी तसाच आहे.

मी चहा सांगितलाय. पेपर तोंडासमोर धरलाय आणि त्याच्या आडोशाला हे लिहितोय. इतका वेळ झाला, एक ओळ वाचलेली नाही. सगळं लक्ष गोदामाच्या दाराकडं आहे. त्या दिवशी मी तुमचे गठ्ठे सोडत बसलो होतो, तेव्हा तुम्हीही पेपर वाचत नव्हतात.